वाफसा



आपल्या आवडत्या एखाद्या शब्दावर मीं बोलावें अशी सूचना आली, तेव्हां घरांतल्या मंडळींनीं ती जणूं आपल्यालाच आली आहे असें समजून शब्द सुचविण्यास प्रारंभ केला. सौभाग्यवतींनीं 'माहेर' सुचविला. सूनबाईंनीं 'जिव्हाळा' पुढें केला. नात सातव्या इयत्तेंत आहे. तिनें 'सुटी' हा शब्द निवडला, आणि पस्तीस वर्षें मास्तरकी केलेल्या माणसाला तो नाकारणें किती जड गेलें असेल हें आपणच ताडावें. परंतु माझ्या मनांत जो शब्द होता तो यांपैकीं कोणाच्याहि तोंडीं आला नाहीं. येण्याचें कारणहि नव्हतें. ही सारी मंडळी शहरांत वाढलेली. तो शब्द म्हणजे 'वाफसा'.

'वाफसा' म्हणतांच आमच्या शेजारच्या एका सुशिक्षित गृहस्थांनीं मोठ्या आस्थेनें विचारलें, "हा पदार्थ उकडून करतात कीं तळून?" त्यांना हंसण्याचें कारण नाहीं. ज्याला शेत नाहीं त्याला या शब्दाची गरज पडत नाहीं. उलट ज्याला शेत आहे त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाहीं. त्यामुळें तो कोणी कोणाला कधीं समजावून सांगितलाच नाहीं, आणि शहरांतल्या सुशिक्षित घरांत तो पोंचलाच नाहीं. आज तेवढें काम मी करणार आहें.

पाऊस पडून गेला आहे. जमीन पोटभर पाणी प्याली आहे. जास्तीचें पाणी कांहीं खालीं झिरपलें, कांहीं उन्हानें उडून गेलें. आतां जमीन ओली आहे पण चिखल नाहीं. मोकळी आहे पण कोरडी नाहीं. बैल घातले तर त्यांचे खूर रुतत नाहींत, फणाला माती चिकटत नाहीं, आणि बीं पडलें तर तें कुजत नाहीं आणि उपाशीहि राहत नाहीं. जमिनीच्या या अवस्थेला वाफसा म्हणतात. शेतकरी 'वाफसा आला' असें म्हणतो. आणला असें म्हणत नाहीं, केला असेंहि म्हणत नाहीं. पाहुणा यावा तसा तो येतो, आणि पाहुण्यासारखाच दोन दिवस राहून निघून जातो. हलक्या, मुरमाड माळावर तो एका दिवसांत येतो व तितक्याच घाईनें जातो. खोल काळ्या रानांत त्याची चार चार दिवस वाट पाहावी लागते. एवढेंच नव्हे, तर एकाच शेतांत उंचवट्यावर आज वाफसा असतो आणि सखल भागांत तो परवांशिवाय येत नाहीं.

यामागील कारण मोठें मनोरंजक आहे, म्हणून त्यावर थोडा वेळ घेतों. आपण माती भरीव समजतों, पण ती भरीव नसते. चांगल्या मातींत साधारणपणें निम्मी जागा कणांनीं व्यापलेली असते आणि निम्मी मधल्या पोकळ्यांची असते. या पोकळ्यांत कांहीं मोठ्या व कांहीं अतिशय बारीक असतात. जोराचा पाऊस झाला म्हणजे सर्व पोकळ्यांत पाणी शिरतें आणि आंतली हवा बाहेर घालविली जाते. पाऊस थांबला म्हणजे मोठ्या पोकळ्यांतलें पाणी आपल्याच भारानें खालीं उतरूं लागतें व त्याची जागा हवा घेते. बारीक पोकळ्यांतलें पाणी मात्र कणांना बिलगून राहतें. पोकळ्यांत पाणी आणि हवा दोन्हीं सुखानें नांदत आहेत अशी ही वेळ. बियाला दोहोंचीहि गरज असते. पाणी पिऊन तें फुगतें आणि झोपेंतून जागें होतें. जागें झालें कीं त्याला श्वास घ्यावा लागतो. भोंवतीं नुसतें पाणीच असेल तर तें गुदमरतें. पाणी अपुरें असेल तर त्याहून वाईट, कारण तें जागें होतें, मोड काढतें आणि मग वाळून जातें. न उगवलेलें बीं निदान कधीं तरी उगवेल. मोड येऊन वाळलेलें बीं गेलें तें गेलेंच. दुबार पेरणी हा शब्द आपण जून-जुलैच्या वर्तमानपत्रांत वाचतां, त्याचा उगम पुष्कळदां येथें असतो. म्हणूनच आपल्याकडील कृषितज्ज्ञ दरवर्षीं सांगतात कीं, पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज आणि वाफसा आल्याखेरीज पेरणी करूं नये. यांतला पहिला आंकडा पर्जन्यमापकांतून मिळतो. दुसरी गोष्ट आंकड्यांत मिळत नाहीं. ती हातानें पाहावी लागते.

आपल्या दख्खनच्या काळ्या मातीला तर वाफशाचें महत्त्व अधिकच. सुमारें सहा कोटि साठ लक्ष वर्षांपूर्वीं येथें लाव्हारसाचे थरावर थर पसरले. त्या काळ्या खडकाची झीज होऊन पुढें ही माती झाली. तिच्यांतील चिकण कण पाणी पितांच फुगतात व वाळतांच आकसतात. वैशाखांत या रानाला हात जाईल अशा भेगा पडतात, आणि आषाढांत त्याच रानांत पाय टाकला तर पायताण तेथेंच ठेवून वर यावें लागतें. अशा ओल्या रानांत अवजार घातलें तर माती दबते, मोठीं ढेंपें निघतात, आणि तीं वाळल्यावर विटेसारखीं होतात. पुढचे दोन पाऊस त्यांना फोडूं शकत नाहींत. एका दिवसाची घाई सबंध हंगाम भोगावी लागते, ती अशी.

सुशिक्षितांना पावसाळ्याची जी गोष्ट फार आवडते ती म्हणजे पहिल्या पावसाचा वास. तो मलाहि आवडतो. त्याला आपण मृद्गंध म्हणतों. १९६४ सालीं ऑस्ट्रेलियांतील इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोन शास्त्रज्ञांनीं त्याला 'पेट्रिकोर' असें ग्रीक वळणाचें नांव दिलें. मातींतले सूक्ष्म जीव जिओस्मिन नांवाचें एक द्रव्य तयार करतात, त्याचा त्या वासांत मोठा वांटा असतो. आणि माणसाचें नाक त्या द्रव्याच्या बाबतींत इतकें तिखट आहे कीं त्याचा अगदीं कणभर अंशहि त्याला कळतो. कनौजचे अत्तरवाले तर तो वास कुपींतहि भरतात. हें सगळें खरें. परंतु त्या वासावर कोणी पेरणी करीत नाहीं. तो वास म्हणजे पाऊस आल्याची वार्ता. वाफसा ही त्यानंतर पुष्कळ उशिरां, वास विरून गेल्यावर, कोणाचें लक्ष नसतांना घडणारी गोष्ट आहे. पहिल्या पावसावर कविता करणारे मला पुष्कळ भेटले. वाफशावर करणारा एकहि भेटला नाहीं, याचें मला जरा वाईट वाटतें.

वाफशालाहि वास असतो. सकाळच्या प्रहरीं बांधावर उभें राहावें. ऊन कोंवळें असावें. काळ्या रानावरून अगदीं पातळ वाफ उठत असते. ती थेट पाहिली तर दिसत नाहीं, पलीकडच्या बाभळीकडे पाहिलें म्हणजे बाभळीचें खोड हलल्यासारखें दिसतें, त्यावरून ती ओळखावी. त्या वेळीं जो वास येतो तो मृद्गंधासारखा उसळून येत नाहीं. तो थंड असतो, किंचित् आंबूस, ताकाचें रिकामें गाडगें नाकाशीं धरल्यासारखा. मग खालीं बसून चार बोटें खोल माती उकरावी, मुठींत घेऊन दाबावी आणि मूठ उघडावी. तळहातावर पाण्याचा डाग उमटला तर अजून वेळ आहे. गोळा झालाच नाहीं तर वेळ निघून गेली. गोळा झाला, आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडतांच खालीं पडून त्याचा भुगा झाला, तर वाफसा आला. आमचे वडील एवढेंहि करीत नसत. ते अनवाणी दहा पावलें चालत आणि पायाचा तळवा उलटा करून पाहत. माती चिकटली नसेल तर कांहीं न बोलतां घराकडे वळत. त्यांच्या पावलांच्या वेगावरूनच आई तिफणीचें चाडें उतरवून ठेवी.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. तरी या शब्दाच्या कुळाविषयीं दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाहीं. कोठें 'वाफसा' म्हणतात, कोठें 'वापसा'. 'वापसा' ऐकला म्हणजे संस्कृतांतील 'वप्' या धातूची आठवण होते. त्याचा अर्थ पेरणें, आणि 'वाप' म्हणजे पेरणी. 'वाफसा' ऐकला म्हणजे आपली 'वाफ' समोर येते, आणि ती संस्कृत 'बाष्प' शब्दापासून आलेली आहे. माझा कौल वाफेच्या बाजूनें आहे, कारण बाभळीच्या खोडावर ती मीं डोळ्यांनीं पाहिली आहे. शिवाय त्या 'बाष्प' शब्दाचे संस्कृतांत दोन अर्थ आहेत. एक वाफ, आणि दुसरा आंसवें. हा दुसरा अर्थ पुढें सांगावयाच्या हकीकतीमुळें मला अधिक जवळचा वाटतो.

तत्पूर्वीं कोंकणांतल्या श्रोत्यांची क्षमा मागतों. त्यांचा भात वाफशाला विचारीत नाहीं. त्याला चिखलच हवा. लावणीपूर्वीं चिखलणी करून जमिनींतली हवा मुद्दाम घालवितात, कारण भाताच्या देठांतून हवा मुळांपर्यंत पोंचण्याची सोय निसर्गानें करून ठेवली आहे. कांहीं ठिकाणीं तर पावसापूर्वींच कोरड्या मातींत बीं पेरून आभाळाकडे पाहत बसतात. त्याला 'धूळवाफ' म्हणतात. धूळवाफ हाहि सुरेख शब्द आहे, पण त्यांत जुगार आहे. आमच्या वडिलांना जुगार मानवत नसे.

आमचें गांव बालाघाटाच्या डोंगररांगांच्या पायथ्याशीं, ज्याला आतां धाराशिव जिल्हा म्हणतात त्यांत. आठ एकर काळें रान. चार वरच्या अंगाला, चार ओढ्याच्या कांठीं सखल. १९७२ सालचा दुष्काळ पडला तेव्हां मी तेरा वर्षांचा होतों. त्या सालाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे, म्हणून मी थोडक्यांतच सांगतों. वडील, आई आणि थोरले बंधु (आम्ही त्यांना नाना म्हणतों) दुष्काळी कामावर खडी फोडावयास जात. घरांत अमेरिकेहून आलेला तांबडा मिलो येई, कामावर सुकडी मिळे. दोन बैलांपैकीं एक विकला होता. आणि माजघराच्या कोपऱ्यांत एका डेऱ्यांत, राखेंत घोळलेला व कडुलिंबाचा पाला घातलेला पांच पायल्या जोंधळा होता. तो बियाण्याचा. डेऱ्याचें तोंड शेणमातीनें लिंपलेलें होतें, आणि त्याच्या शेजारीं आजीचें अंथरूण असे.

माझी धाकटी बहीण त्या वेळीं पांच वर्षांची होती. मिलोची भाकर तिला गिळवत नसे. एका रात्रीं ती आपल्या जोंधळ्याच्या भाकरीसाठीं रडूं लागली, आणि रडतां रडतां तिनें त्या डेऱ्याकडे बोट केलें. आजीनें तिला उचलून घेतलें, भिंतीकडे तोंड केलें, आणि ती झोंपेपर्यंत तशीच उभी राहिली. डेरा उघडला नाहीं. दुसऱ्या दिवशीं लिंपलेल्या तोंडावर आजीच्या बोटांचे नवे ठसे होते. तिनें तें रात्रीं पुन्हां लिंपून काढलें होतें. लिंपण उकललेलें नव्हतें, तरीहि.

१९७३ च्या मृगांत आमच्याकडे पाऊस आला. तीन दिवस पडला. चौथ्या दिवशीं उघडीप झाली आणि सारा गांव पेरणीस निघाला. एक वर्ष आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या माणसांना थांबा म्हणून कोण सांगणार? आमच्या वडिलांनीं पायाचा तळवा पाहिला व म्हणाले, "रानाला वाफसा न्हाई आजून." नाना तेव्हां एकोणीस वर्षांचे होते. ते म्हणाले, "आबा, समदा गाव पेरतोय. ही ओल गेली तर पुन्हा कोण देणार?" वडिलांनीं उत्तर दिलें नाहीं. जोडीचा बैल मिळतो का पाहावें म्हणून ते आत्याच्या गांवीं गेले. दोन दिवसांनीं येणार होते.

त्याच दुपारीं नानांनीं शेजाऱ्याची बैलजोडी मागून आणली. आजी कांहींच बोलली नाहीं. डेरा मात्र तिनें स्वतःच्या हातानें फोडला नाहीं, तो नानांनीं फोडला. आईनें चाड्यावर मूठ धरली. मी तिफणीमागें चालत होतों. ओढ्याकांठचें रान जवळ म्हणून तेथून सुरुवात केली. दहा पावलें गेलें कीं फणांना चिखल लडबडे. बैल थांबवून काठीनें तो काढावा, पुन्हां दहा पावलें चालावें. नळ्यांचीं तोंडें बुजत. तासाच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या, आणि जोंधळ्याचे दाणे त्यांत पडलेले उघडे दिसत. मीं आईच्या तोंडाकडे पाहिलें. ती मुठीकडे पाहत होती. तीन पायल्या बीं आम्हीं असें घातलें.

मग दोन दिवस कडक ऊन पडलें. वरची माती पापडासारखी कडक झाली. वडील परत आले ते वाटेनें शेतावरूनच आले. ते ओढ्याकांठीं बसले, एका तासांत बोटें घालून त्यांनीं एक दाणा काढला, आणि चेपून पाहिला. दाणा मऊ झाला होता. आंतून पाण्यासारखा रस आला. मी जवळच उभा होतों. नाना बांधावर होते. वडील ओरडतील म्हणून आम्ही दोघेहि वाट पाहत होतों. ते ओरडले नाहींत. त्यांनीं धोतराला बोटें पुसलीं आणि वरच्या रानाकडे चालूं लागले. तेथें अनवाणी दहा पावलें चालले, तळवा पाहिला, आणि नानांना हांक मारली, "तिफण आण."

तेथें तिफण घातली ती आजहि मला ऐकूं येते. वाफशावर आलेल्या रानांत फणाचा आवाज असतो. कापड फाडतांना होतो तसा, पण फार हळू. तास मागल्या मागें आपण होऊन मिटत जात होता. दाणा कोठें पडला हें दिसतच नव्हतें. उरलेल्या दोन पायल्या दिवस मावळण्यापूर्वीं संपल्या. रात्रीं आभाळ आलें. पांचव्या दिवशीं वरच्या रानांत हिरव्या ओळी उभ्या राहिल्या. ओढ्याकांठीं दहा हातांवर एक कोंब, तोहि वाकडा. तें रान पुन्हां पेरण्यासाठीं वडिलांनीं दिढीनें बियाणें काढलें, म्हणजे पायलीला दीड पायली परत द्यावयाची. तें फेडावयास दोन सुग्या लागल्या.

येथें मीं वडिलांना अगदीं शहाणे ठरवावें आणि नानांना उतावीळ, तर तें न्यायाचें होणार नाहीं. आणखी एका वर्षीं, मला वाटतें मी मॅट्रिकला होतों तेव्हां, वडील असेच थांबले. वाफसा येण्याच्या आदल्या संध्याकाळीं पुन्हां पाऊस लागला तो पंधरा दिवस उघडला नाहीं. मुगाची वेळ गेली. ज्यांनीं चिखलांत पेरलें होतें त्यांचें निदान अर्धें पीक आलें, आमचें कांहींच नाहीं. वाफसा जाणणाऱ्याला पाऊस सवलत देतो असें नाहीं. वडिलांना मीं त्या दिवशीं विचारलें कीं, आतां काय? ते म्हणाले, "आता वाफसा आला की तूर."

पुढें मी शिक्षक झालों, आणि आपणांपैकीं चाणाक्ष श्रोत्यांनीं आतांपर्यंत ओळखलें असेल तें पाप मींहि केलें. दर जूनमध्यें शाळा उघडली कीं मी मुलांपुढें भाषण करीत असें, आणि त्यांत मनाचा वाफसा येत असे. मन असें असावें, मन तसें असावें, ज्ञानाचें बीं वगैरे. सात आठ वर्षें हें चाललें. एका वर्षीं सातवींतली एक मुलगी भाषणानंतर माझ्याकडे आली. शेतकऱ्याची पोर. म्हणाली, "गुरुजी, वाफसा बघायचं काम रानाचं असतं का पेरणाऱ्याचं?" मीं म्हटलें, "अर्थात् पेरणाऱ्याचें." ती म्हणाली, "मग तुम्ही आम्हांला कशाला सांगता?" तें भाषण मीं पुन्हां केलें नाहीं. त्या मुलीला मात्र त्या दिवसापासून गणित सकाळीं न शिकवितां दुपारीं शिकवूं लागलों. सकाळीं ती चार मैल चालून येत असे.

शब्द आपल्या गांवीं पडून असला म्हणजे तो तेथेंच मरतो अशी माझी समजूत होती. ती वाफशानें खोटी ठरविली. विदर्भांतील सुभाष पाळेकर यांनीं आपल्या नैसर्गिक शेतीच्या पद्धतीचीं जीं चार मुख्य अंगें सांगितलीं, त्यांत बीजामृत, जीवामृत व आच्छादन यांच्या जोडीला वाफसा आहे. २०१६ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पद्धति आंध्र प्रदेश, हिमाचल प्रदेश या प्रांतांत गेली, आणि तिच्याबरोबर हा शब्दहि गेला. त्या पद्धतीच्या गुणदोषांविषयीं शेतीतज्ज्ञांत मतभेद आहेत. त्यांत मी पडत नाहीं. पण मध्यंतरीं मुलानें त्याच्या यंत्रावर या विषयावरचा एक इंग्रजी अहवाल मला दाखविला, त्यांत आमचा वाफसा इंग्रजी अक्षरांत बसला होता. मुलगा तो 'व्हापासा' असा वाचूं लागला. मीं त्याला थांबविलें व म्हटलें, "अरे, हा आपल्या घरचा आहे." त्याला पटावयास थोडा वेळ लागला. विलायतेला जाऊन आलेला नातलग एकदम ओळखूं येत नाहीं, तसें झालें.

ओल मोजण्याचीं साधनें आतां निघालीं आहेत. ठिबकाच्या बागांतून मातींत नळी रोवून ठेवतात, तिच्यावरील कांटा पाहून पाणी सोडावें कीं नाहीं तें ठरवितात. हें चांगलेंच आहे. वडिलांना असतें तर त्यांनींहि तें वापरलें असतें, आणि नंतर खात्री म्हणून तळवा पाहिला असता. बैल आमच्या घरीं आतां नाहींत. पेरणी ट्रॅक्टरनें होते, जोंधळ्याच्या जागीं सोयाबीन आलें आहे. ट्रॅक्टरच्या भारानें ओली जमीन बैलाच्या खुरांपेक्षां पुष्कळ अधिक दबते, तेव्हां वाफशाची वाट पाहण्याची गरज वाढलीच आहे. पण ट्रॅक्टर भाड्याचा असतो. त्याची पाळी गांवाच्या यादीप्रमाणें येते, आणि यादींत वाफशाचा रकाना नसतो.

नाना आतां सत्तरी ओलांडून गेले आहेत. शेत त्यांचा मुलगा पाहतो, परंतु अनवाणी दहा पावलें चालण्याचें काम त्यांनीं अजून कोणाला दिलेलें नाहीं. ओढ्याकांठच्या त्या पेरणीविषयीं ते माझ्यापाशीं आजवर एकदांहि बोललेले नाहींत, आणि मींहि विषय काढलेला नाहीं. मृग लागला कीं मी रोज सकाळीं त्यांना फोन करतों. तब्येतीची विचारपूस होते, आभाळाची होते, आणि शेवटीं मी विचारतों, "नाना, वाफसा आला का?"

या वर्षीं चौथ्या दिवशीं ते म्हणाले, "वरच्या रानात आलाय." मग थोडा वेळ फोनवर कांहींच ऐकूं येईना. मला वाटलें कीं फोन तुटला. तेवढ्यांत त्यांचा आवाज आला, "खालच्याला अजून दोन दिवस लागतील. थांबलोय."